पाण्याचा पीएच साडेआठ आला, मग पुढं काय?

"साडेआठ आहे, साडेपाचवर आणायचंय, म्हणजे तीनच पॉइंट की रे." द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी होऊन घड पोपटी अवस्थेला आले, जीएची (जिब्रेलिक अ‍ॅसिड या संजीवकाची) फवारणी जवळ आली की तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ कुठंही जावा, बॅरलपाशी उभं राहून कोणीतरी हे बोलत असतंच. हातात पेनासारखा पीएच मीटर, बॅरलमध्ये बोअरचं पाणी, शेजारी सायट्रिक अ‍ॅसिडची पुडी. मी सांगलीत अकरावी बारावीला केमिस्ट्री शिकवतो आणि आमच्या मामांची बाग तासगावकडं आहे, त्यामुळं हा विषय मला फळ्यावरपण भेटतो आणि बागेतपण, आणि दोन्हीकडं माणसं एकाच जागी अडखळतात. पीएचचा आकडा आपण किलो-लिटरसारखा वाचतो, आठ आणि सहा म्हणजे दोनाचा फरक, थोडासाच. तो तसा वाचायचाच नसतो.

पीएच म्हणजे पाण्यातल्या हायड्रोजन आयनचं माप, आणि साडेआठच्या पाण्यात जेवढे हायड्रोजन आयन असतात त्याच्या हजारपट साडेपाचच्या पाण्यात असतात. तीन पॉइंट म्हणजे हजारपट. हे कसं काढायचं ते एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस डोक्यात होतं, कारण विद्यार्थी पाठ करून मार्क मिळवतात आणि बागायतदार मीटर बघून पुडी ओततात, मधला हिशोब दोघांचाही राहून जातो.

व्याख्या बारावीच्या पुस्तकात आयनिक इक्विलिब्रियाच्या धड्यात आहेच. हायड्रोजन आयनचं कॉन्सन्ट्रेशन मोल प्रति लिटरमध्ये घ्यायचं, त्याचा दहाच्या पायाचा लॉग काढायचा आणि पुढं उणे चिन्ह लावायचं, झाला पीएच. उलटं जायचं असेल तर १० चा उणे पीएच एवढा घात. हे उणे चिन्हच सगळा घोळ करतं, कारण त्याच्यामुळं आकडा वाढला की आयन कमी होतात. ही पद्धत १९०९ साली सोरेन्सन नावाच्या केमिस्टनं काढली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबोरेटरीत, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये. एन्झाइमवर काम करताना त्याला सारखे ०.००००००१ असले आकडे लिहायला लागायचे, त्या शून्यांच्या रांगेतनं सुटका म्हणून लॉग. (त्याच्या आधी त्या विभागाचे प्रमुख होते केल्डाल, ज्यांच्या पद्धतीनं आजपण लॅबमध्ये नायट्रोजन काढतात.) शून्यं लपवली हे चांगलंच झालं, पण लपवलेली शून्यं तुलना करताना परत बाहेर काढायला लागतात, ते आपण विसरतो.

आता मी वर्गात सांगतो ती रीत. मोल प्रति लिटर सोडून द्या, नॅनोमोल प्रति लिटर धरा. नॅनो म्हणजे १० चा उणे ९ वा घात, म्हणून पीएच ९ ला हायड्रोजन आयन बरोबर १ नॅनोमोल. तिथनं खाली या, एकेक पॉइंटला एकेक शून्य वाढवत. ८ ला १०, ७ ला १००, ६ ला १,०००, ५ ला १०,०००, ४ ला १ लाख. बास, एवढंच. नऊतनं पीएच वजा करायचा आणि जे उरेल तेवढा दहाचा घात. कॅल्क्युलेटर नको, उणे घात नको, आणि तोंडी सांगता येतं.

पॉइंटच्या पुढचे आकडे आले की मुलं घाबरतात, त्यासाठी चारच गोष्टी लक्षात ठेवा. पीएच ०.३ नं कमी झाला की आयन दुप्पट, ०.५ नं कमी झाला की सव्वातीनपटीच्या जरा कमी म्हणजे ३.१६ पट, ०.७ नं कमी झाला की पाचपट, आणि ०.१ नं कमी झाला की १.२६ पट. आता साडेआठ घ्या. नऊपेक्षा ०.५ नं कमी, म्हणून १ च्या ३.१६ पट, म्हणजे ३.१६ नॅनोमोल. साडेपाच घ्या. सहापेक्षा ०.५ नं कमी, सहाला १,०००, म्हणून ३,१६०. भागाकार करा, हजार. मामांना मी हे बॅरलपाशी काडीनं मातीत लिहून दाखवलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग साडेसहावर थांबलो तर?" साडेसहाला ३१६, म्हणजे साडेआठपेक्षा शंभरपटच झाले, साडेपाचपेक्षा दहापट कमी. हा प्रश्न विचारला गेला म्हणजे गोष्ट पोचली.

परीक्षेत लॉग टेबल वापरायचं असतं त्यांच्यासाठी हेच दुसऱ्या भाषेत सांगतो. पीएच ८.५ असेल तर लॉगची किंमत उणे ८.५, पण टेबलमध्ये उणे मॅन्टिसा (लॉगचा पॉइंटच्या पुढचा भाग) नसतो, म्हणून ती उणे ९ अधिक ०.५ अशी फोडायची, ९ बार पॉइंट ५. ०.५ चा अँटिलॉग ३.१६२, आणि ९ बार म्हणजे १० चा उणे ९ वा घात. बघा, वरची रीत आणि ही रीत एकच आहे, वरच्या पूर्ण आकड्यावर जायचं आणि तिथनं खाली यायचं. जे मुलगे-मुली उणे ८ घेऊन त्यातनं ०.५ वजा करून तसेच टेबलमध्ये शिरतात ते चुकीच्या ओळीत जाऊन बसतात.

आणि दोन पीएचची फक्त तुलना करायची असेल तर कॉन्सन्ट्रेशन काढायचीपण गरज नाही. मोठ्यातनं लहान वजा करा, जो फरक येईल तेवढा दहाचा घात, तेवढ्या पटीनं लहान पीएचवाल्यात आयन जास्त. दुधाचा पीएच साधारण ६.६, आंबट दह्याचा ४.५, फरक २.१, म्हणजे शंभर गुणिले १.२६, सव्वाशेपट. विरजण लावल्यावर रात्रीत बॅक्टेरिया लॅक्टिक अ‍ॅसिड तयार करत करत एवढी मजल मारतात, आणि ४.६ च्या आसपास केसिन हे दुधातलं प्रोटीन जमतं म्हणून दही घट्ट बसतं.

आमच्या भागात जास्त जवळचं उदाहरण उसाचं. ताज्या रसाचा पीएच साधारण ५.३ असतो. कारखान्यात रस तापवतात तेव्हा अ‍ॅसिडमुळं साखरेचा रेणू तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि एकदा तुटली ती साखर पोत्यात येत नाही. विल्हेल्मी नावाच्या शास्त्रज्ञानं १८५० मध्ये या तुटण्याचा वेग मोजला होता. हा वेग सरळ हायड्रोजन आयनच्या कॉन्सन्ट्रेशनच्या प्रमाणात असतो, आयन दुप्पट तर वेग दुप्पट. म्हणून चुन्याचं दूध आणि गंधकाचा वायू सोडून रस सातच्या आसपास आणतात. आता आपल्या रीतीनं बघा, ५.३ ला ५,००० नॅनोमोल, ७ ला १००, म्हणजे पन्नासपट कमी, म्हणजे त्याच तापमानाला साखर तुटायचा वेगपण पन्नासपट कमी. वाळव्यापासनं रेठऱ्यापर्यंत एवढे कारखाने आहेत, प्रत्येकाच्या लॅबमध्ये पाळीवरचा केमिस्ट हा पीएच सारखा का बघत असतो त्याचं उत्तर या पन्नासात आहे. "१.७ नं वाढला" असं म्हटलं की ते कळतच नाही. गुऱ्हाळातपण चुना घालतात तो यासाठीच, फक्त तिथं हात जपून चालवायला लागतो, चुना जास्त झाला की गूळ काळपट पडतो.

मिरजेला दवाखान्यात कोणी आयसीयूत असलं की एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडतो, त्यातपण पीएच असतो. रक्ताचा नॉर्मल ७.३५ ते ७.४५, मधला ७.४ धरा, तिथं ४० नॅनोमोल. रिपोर्टवर ७.१ दिसला तर नातेवाईकांना वाटतं पॉइंट तीनच तर कमी आहे. ०.३ म्हणजे दुप्पट, ४० चे ८० झाले. डॉक्टर का धावपळ करतायत ते या एका आकड्यानं समजतं, उपचाराचं अर्थातच त्यांनाच विचारायचं. उलट पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ६.५ ते ८.५ सगळं चालतं, म्हणजे ३१६ पासनं ३.१६ पर्यंत, शंभरपटीचा पट्टा. शरीराला बाहेरच्या पाण्यात शंभरपट फरक चालतो आणि रक्तात दुप्पट झालेला झेपत नाही, मला ही गोष्ट दरवेळी शिकवताना तेवढीच भारी वाटते.

आता परत बागेत. जीएला पाणी अ‍ॅसिडिक का पाहिजे, तर जिब्रेलिक अ‍ॅसिड हे नावाप्रमाणंच अ‍ॅसिड आहे, कमजोर, त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयन झालेले असतात तो आकडा) ४ च्या आसपास. पाण्यात त्याचे काही रेणू हायड्रोजन सोडून आयन होतात आणि काही आख्खे राहतात, आणि पानावरच्या, घडावरच्या मेणचट थरातनं आख्खा रेणू सहज आत जातो, आयनला ते अवघड. साडेपाचला जीएचे साधारण ३ टक्के रेणू आख्खे असतात. साडेआठला ०.००३ टक्के. इथंपण हजारपटच! हायड्रोजन आयन हजारपट कमी झाले तसे आत जाऊ शकणारे रेणूपण हजारपट कमी झाले, आणि म्हणूनच मी "तीनच पॉइंट" ऐकलं की थांबवून हिशोब सांगतो. एवढं महागाचं जीए, एवढी मजुरी, आणि दिवस तर परत येत नाहीत, घड त्या अवस्थेत थोडेच दिवस असतात. काही औषधं अल्कलाइन पाण्यात नुसती तुटूनच जातात, कॅप्टन या बुरशीनाशकाचं अर्धायुष्य पीएच ५ ला साधारण ३२ तास, ७ ला ८ तास आणि ८ ला १० मिनिटं. बॅरल कालवून चहाला गेलात तर अर्धं औषध संपलं.

पण इथंच दुसरा खड्डा आहे आणि तो मोठा आहे. आयन हजारपट करायचेत म्हणजे अ‍ॅसिड किती घालायचं? हुशार पोरं लगेच वजाबाकी करतात, ३,१६० वजा ३, म्हणजे लिटरला सव्वातीन मायक्रोमोलसुद्धा नाही, दोनशे लिटरच्या बॅरलला सायट्रिक अ‍ॅसिड एक दशांश ग्रॅमपण लागणार नाही. हिशोब बरोबर, उत्तर साफ चूक. बॅरलमध्ये चिमूटभर टाकून बघा, मीटर हलतपण नाही.

कारण आपल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. अ‍ॅसिडमधनं आलेला हायड्रोजन आयन मोकळा राहतच नाही, बायकार्बोनेट त्याला पकडतं, त्याचं कार्बोनिक अ‍ॅसिड होतं आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड बुडबुडे होऊन जातो. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात पाणी सोडलं की सरीच्या टोकाला लवकर पोचत नाही, आधी रान पितं, तसं हे. पीएच मीटर फक्त टोकाला पोचलेलं पाणी मोजतो, रानानं किती प्यायलं ते त्याला दिसत नाही.

आकड्यात सांगतो. समजा रिपोर्टमध्ये बायकार्बोनेट लिटरला ३०५ मिलिग्रॅम आहे. त्याचं रेणूवजन ६१, म्हणजे ५ मिलिमोल. कार्बोनिक अ‍ॅसिडचा पहिला पीकेए ६.३५, त्यामुळं ६.३५ ला निम्मं बायकार्बोनेट संपतं आणि साडेपाचपर्यंत यायला साधारण ८८ टक्के संपवायला लागतं, म्हणजे ४.४ मिलिमोल हायड्रोजन आयन प्रति लिटर ओतायचे. आणि त्यातले शेवटी मोकळे दिसणार किती, तर ३.१६ मायक्रोमोल. चौदाशेमधला एक! बाकीचे सगळे बायकार्बोनेटनं खाल्ले. दोनशे लिटरला हे ८८० मिलिमोल होतात, सायट्रिक अ‍ॅसिडचा एक रेणू या पीएचला जवळजवळ दोन हायड्रोजन देतो, रेणूवजन १९२, म्हणजे हिशोबानं ८५-९० ग्रॅमच्या घरात. कुठं एक दशांश ग्रॅम आणि कुठं नव्वद ग्रॅम.

म्हणून शेजारच्याच्या बॅरलचं माप आपल्या बॅरलला लावायचं नाही, दोघांचा पीएच सारखा असला तरी. दोन बोअर, दोन्हीचा पीएच ८.२, दोन्हीत हायड्रोजन आयन ६.३ नॅनोमोल, अगदी सारखे. पण एकात बायकार्बोनेट २ मिलिमोल आणि दुसऱ्यात ६ असेल तर दुसऱ्याला तिप्पट अ‍ॅसिड लागतं. पाणी तपासायला देताना लोकं पीएच आणि क्षार, म्हणजे ईसी, एवढंच बघतात आणि कागद घडी घालून ठेवतात, खाली एचसीओ३ची, म्हणजे बायकार्बोनेटची, एक ओळ असते ती वाचतच नाहीत. माझ्या मते फवारणीवाल्यासाठी ती ओळ पीएचएवढीच महत्त्वाची आहे.

सरासरीचंपण असंच. दोन विहिरींचं पाणी एका शेततळ्यात सोडलं, एकाचा पीएच ७ आणि एकाचा ९, मग मिश्रणाचा ८, असं सर्रास धरतात. आयननं बघितलं तर १०० आणि १, सरासरी ५०.५, त्याचा पीएच ७.३ येतो, आठ नाही. पण खरं सांगायचं तर ७.३ पण येईलच असं नाही, कारण परत तेच बायकार्बोनेट, कुठल्या पाण्यात किती आहे त्याच्यावर सगळं. मिश्रणाचा पीएच कागदावर काढायच्या भानगडीत पडू नये, तळ्यातलं पाणी घेऊन मोजावं.

मोजायचं तर मीटर बरोबर पाहिजे. धंद्यात चाललेला पहिला पीएच मीटर अर्नोल्ड बेकमननं १९३४ साली बनवला तो लिंबाच्या रसासाठी, कॅलिफोर्नियातल्या फळबागायतदारांच्या संस्थेतला केमिस्ट त्याच्याकडं अडचण घेऊन आला होता म्हणून. म्हणजे हे यंत्र बागायतदारांच्या कामातनंच आलंय, मला याचा फार आनंद वाटतो. आपले पेनवाले मीटर ०.१ इकडंतिकडं दाखवतात असं धरून चला, आणि ०.१ म्हणजे आयनमध्ये २६ टक्के, ०.२ म्हणजे जवळजवळ ६० टक्के. म्हणून पीएच ८.५ वरनं ३.१६२२७ असं लांबलचक उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी सांगतो, मीटरनंच एवढं सांगितलेलं नाही, ३ च्या आसपास म्हणा, पुरे. हंगामाच्या आधी ४ आणि ७ च्या बफरमध्ये (पीएच ठरलेल्या द्रावणात) बुडवून मीटर लावून घ्यायचा, टोक कोरडं पडू द्यायचं नाही. आणि हळदीच्या पाण्यावर विसंबायचं नाही. आपली हळद चुन्यात, साबणात लाल होते हे खरं, पण ती ८ च्या वर गेल्यावरच बदलते. ५ चं पाणी आणि ७ चं पाणी, शंभरपटीचा फरक, हळदीला दोन्ही पिवळीच.

कृष्णाकाठच्या चोपण रानांबद्दल पण लोक विचारतात, सामू (म्हणजे पीएचच) ९ आलाय, अ‍ॅसिड सोडू का. ८ आणि ९ मध्ये आयन दहापट, हिशोब तोच, पण तिथं मूळ दुखणं सोडियमचं आहे. मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम निघाल्याशिवाय सामू खाली येऊन टिकत नाही, त्यासाठी जिप्सममधलं कॅल्शियम लागतं आणि निघालेला सोडियम वाहून जायला चर किंवा पाइपचा निचरा लागतो. निचरा नसेल तर जिप्समचे पैसे घालू नका.

आणि बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) कालवताना हे सगळं उलटं. तिथं सातच्या खाली गेलं की मोकळं तांबं कोवळ्या पानाला चटका देतं, म्हणून चुना पुरेसा पाहिजे. लोखंडी विळा बुडवून तांबूस थर चढतो का बघायची जुनी पद्धत आजपण बरोबर आहे. बोर्डोचंच बॅरल न धुता त्यात जीए कालवायला घेतलं तर उरलेला चुना तुमचं अ‍ॅसिड आधी खाणार, तेव्हा बॅरल धुवून घ्या.

जीएसाठी मी मामांकडं करतो ते असं. दहा लिटरची बादली, त्याच बोअरचं पाणी, त्यात अ‍ॅसिड अर्धा अर्धा ग्रॅम मोजून टाकायचं, ढवळायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि मग मीटर. पहिल्या मापाला आकडा एकदम खाली येतो, मग साडेसहा-सहाच्या आसपास रेंगाळतो आणि साडेपाचच्या जवळ आलं की परत भराभर घसरतो, म्हणजे बायकार्बोनेट संपत आलं, तिथं हात आवरायचा आणि पाव पाव ग्रॅम टाकायचं. लागलेले ग्रॅम वीसनं गुणले की दोनशे लिटरचं माप. वर धरलेल्या ३०५ च्या पाण्याला बादलीत चार-साडेचार ग्रॅम लागायला पाहिजेत, तुमचं वेगळं आलं तर बादलीवर विश्वास ठेवा. बॅरलमध्ये अ‍ॅसिड आधी पाण्यात घालायचं, पीएच बघायचा, आणि मगच जीए सोडायचं.